ढेकळावर उभा केलेला रस्ता

“…मग दोष वरचा थर घालणाऱ्याचाच ना, सर? तुम्ही एकदा तसं म्हणा, म्हणजे विषय संपला.”

होनराव सर सुपातल्या तांदळातले खडे वेचत होते. एखादा खडा सापडला की उजेडाकडे धरून निरखायचे आणि मग बाजूला ठेवायचे.

सुजय देवकाते उत्तराची वाट बघत ओसरीवर बसला होता.

घाटमाथ्यावर रस्त्याच्या कामगारांसाठी कधीकाळी बांधलेली एक चौकी होती. सर तिथं एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात एकच विषय शिकवला होता, रस्ता किती जाड करायचा, आणि तेवढा करूनही तो का मोडतो. निवृत्त झाल्यावर ते इथं येऊन राहिले. खालच्या वस्तीनं त्यांचं नाव खडीबुवा ठेवलं होतं. त्या नावाला ते ओ देत.

जुने विद्यार्थी अडले की घाट चढून यायचे. येणाऱ्याला एकच दंडक होता. हार नको, पेढे नकोत. मोडलेल्या रस्त्याचा कोअर आणायचा.

रस्त्यात यंत्रानं गोल भोक पाडलं की डांबराच्या थरांचा वीतभर उंच दंडगोल बाहेर निघतो. तो कोअर. त्याच्यावर रंगानं एक नाव लिहायचं. ज्याच्यामुळे रस्ता मोडला, त्याचं.

ओसरीच्या कडेनं असे पुष्कळ कोअर उभे होते. त्यांच्यावरची नावं बहुतेक आणणाऱ्यांची नव्हती. सर त्याबद्दल कुणाला काही बोलत नसत.

सुजयनं आणलेल्या कोअरवर पांढऱ्या तेलरंगात लिहिलं होतं, रज्जाक मुलाणी. अक्षर फार सुंदर होतं.

सुजय हा सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे तो स्वतः कधी सांगत नसे. दुसऱ्यानं सांगेपर्यंत थांबत असे.

सरांनी शेवटचा खडा वेचला.

“रज्जाक कोण?”

“मुकादम. डांबर घालणाऱ्या टोळीचा.”

“काय केलं त्यानं?”

“डांबर प्रमाणाबाहेर तापवलं. जळलं ते. जळलेलं डांबर ठिसूळ होतं आणि तडकतं. हे तुम्हीच तर शिकवलंत.”

“तापवताना पाहिलंस?”

“पाहिलं नाही. पण दुसरं कारणच उरत नाही, सर. जाडी माझी बरोबर आहे. खडी बरोबर, मुरूम बरोबर. एकेक थर मी मोजून घेतलाय. मग राहिलं काय? डांबर.”

“रज्जाक काय म्हणतो?”

“घरी बसवलंय त्याला. कबूल करतोय.”

“शब्द सांग.”

“म्हणाला, ‘सायब म्हणत्यात तर झालं असंल माझ्याच हातनं.’”

“हे कधी विचारलंस त्याला? कामावरून घरी बसवायच्या आधी की नंतर?”

“…नंतर.”

सरांनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

“उद्या चौकशी समिती बसतेय,” सुजय घाईनं म्हणाला. “तुमचं मत त्यांना चालेल. तुमचंच चालेल. तुम्ही नुसतं वरच्या थराचा दोष म्हणालात की पुरे. त्याला टोळीतून काढतील आणि रस्त्याला वरून नवा थर मिळेल. लोकांची सोय होईल.”

“आणि त्याची?”

“नाव खराब झालेल्या मुकादमाला दुसरीकडे कोण घेणार, सर? वाईट वाटतं. पण रस्ता वर्षभरात तडकला. मगरीची पाठ असते ना, तसा. कुणीतरी जबाबदार असणारच की.”

“असणार,” सर म्हणाले.

सुजयला बरं वाटलं. तो पाणी प्यायला उठला. कोपऱ्यात माठ होता, आणि माठ एका कोअरवर बसवलेला होता. माठ पाझरून पाझरून कोअर ओला झाला होता, कडेनं शेवाळ धरलं होतं. शेवाळाखाली नाव दिसत होतं. होनराव.

“सर… हा तुमचा?”

“माझा.”

“तुमचासुद्धा रस्ता मोडला होता?”

“मोडला म्हणून तर माठाला बैठक मिळाली.”

सुजय हसला. हसावं की नाही हे त्याला आधी कळलं नव्हतं. पाणी पिऊन तो जागेवर येऊन बसला.

“थरांच्या खाली काय आहे?” सरांनी विचारलं.

“कुठल्या?”

“तुझ्या रस्त्याच्या. डांबराखाली खडी, खडीखाली मुरूम. त्याच्या खाली?”

“काळी माती.”

“तिला विचारलंस?”

“ताकद मोजलीये ना. उत्तम आली.”

“भिजवून?”

सुजयच्या चेहऱ्यावर हसू आलं. या प्रश्नाची तो वाटच बघत होता.

रस्ता ज्या मातीवर बसणार, तिचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मगच तिची ताकद मोजायची, ही साधी पद्धत. रस्त्याची सगळी जाडी त्या एका आकड्यावर ठरते. फक्त अगदी कमी पावसाच्या, कोरड्या मुलखाला सूट मिळते. तिथं न भिजवता मोजलं तरी चालतं.

“आमचा भाग दुष्काळी, सर. तिथं आभाळाकडे बघून माणसं म्हातारी झाली. चार दिवस पाण्यात बुडवायला तेवढं पाणी तर पाहिजे! मी सूट घेतली. नियमात बसते.”

“बसते.”

“म्हणजे पटलं ना तुम्हाला?”

“नियमात बसते म्हणालो.”

सुजयनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काळ्या मातीचं मोठं ढेकूळ होतं, विटेएवढं, वरून सपाट.

“पाहणीच्या वेळी रस्त्याच्या कडेचं काढलेलं. तेव्हापासून माझ्या टेबलावर असतं. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. साहेब लोक आले की मी ते बशीवर आपटून दाखवतो. बशी फुटते, पण याला काही होत नाही.”

त्यानं ते सरांच्या हातात दिलं. सरांनी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केली आणि कान लावून ऐकलं.

“दगड आहे,” सर म्हणाले.

“तेच तर म्हणतोय मी!”

सर आत गेले आणि पितळी परात घेऊन आले. ओसरीच्या फरशीवर ती ठेवली, तिच्यात मधोमध ढेकूळ ठेवलं. मग सुजयचा कोअर उचलला आणि सावकाश ढेकळावर उभा केला. नाव सुजयच्या बाजूला आलं.

माठातून एक तांब्या पाणी घेऊन त्यांनी ते परातीच्या कडेनं ओतलं. ढेकळावर थेंब पडू दिला नाही. पाणी सपाट पसरलं आणि ढेकळाच्या पायाशी जाऊन थांबलं.

“हे काय, सर?”

“चहा टाकतो. दूध यायचंय अजून.”

“नाही, पण हे…”

“बस.”

सुजय बसला. कोअर ढेकळावर ताठ उभा होता. त्याला मनातून अभिमान वाटला.

पायवाटेनं पारूबाई आली. खालच्या वस्तीवरची, शेळ्या राखणारी. हातात दुधाची किटली होती. ओसरीवर परकं माणूस पाहून तिनं पदर नीट केला.

“काय ओ खडीबुवा, आज कुनाचा रस्ता मोडला?”

“याचा.”

तिनं सुजयला खालून वर बघितलं.

“चांगला शिकलेला दिसतोय की.”

“शिकलेलाच आहे. मीच शिकवलंय.”

“मग बरोबर हाय,” पारूबाई म्हणाली आणि किटली ओसरीतल्या चुलीजवळ ठेवली. “कुठलं म्हनायचं पाव्हनं?”

“कुरणवाडीच्या पलीकडचा.”

“अगं बाई! तिकडं तर पानी आलं म्हनं. कॅनॉलचं.”

“आलं ना!” सुजयचा चेहरा उजळला. “ओढे वाहतात आता.”

“नशीब काढलं बाबा तुमी. आमच्याकडं कवा येतंय कुनास ठावं.” ती वळली. जाता जाता परातीकडं नजर गेली. “आन् ही कसली पूजा मांडलीया?”

“बघू कसली होते ते,” सर म्हणाले.

ती गेली. शेळ्यांच्या घंटा काही वेळ ऐकू येत राहिल्या.

सरांनी चुलीवर आधण ठेवलं.

“पाणी आलं म्हणतोस.”

“सर, तुम्ही ओळखणार नाही आता आमचा भाग!” सुजय मांडी मोडून पुढे सरकला. “दोन्ही अंगांना ऊस. पार रस्त्याला लागून. पाटाचं पाणी कडेनं झुळझुळतंय. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा गावानं गुलाल उधळला. आमचे वडील चिखल घेऊन घरात येतात आणि पाय धुवायला तयार होत नाहीत. आई ओरडते. ते म्हणतात, राहू दे गं, जन्मात पहिल्यांदा लागलाय.”

सर ऐकत होते. परातीतलं पाणी कमी झालं होतं. ढेकळाचा खालचा भाग गडद दिसत होता, आणि तो गडदपणा हळूहळू वर चढत होता.

सुजयचं तिकडे लक्ष नव्हतं.

“पाणी कधी आलं?”

“रस्ता झाला आणि पाठोपाठ आलं. त्याच हिवाळ्यात.”

“पाहणी केलीस तेव्हा?”

“तेव्हा कुठलं! भर उन्हाळा. सगळी जमीन भेगाळलेली. नुसते पाइप येऊन पडले होते रस्त्याच्या कडेला. एवढे थोरले, आत माणूस उभा राहील. आम्ही पाहणीवाले दुपारी त्यांच्या सावलीला बसूनच जेवायचो. हे ढेकूळ काढलं तेसुद्धा…”

तो थांबला.

आधण उकळू लागलं होतं. सरांनी त्यात चहाची पूड टाकली.

“तेसुद्धा काय?”

“…पाइपाच्या शेजारचंच काढलं, सर.”

“पाइप कशासाठी आणलेत, माहीत होतं?”

“सगळ्या तालुक्याला माहीत होतं. सगळे पाण्याची वाट बघत होतो.”

“तू?”

“मीपण.”

“आणि कागदावर काय लिहिलंस?”

चहा उतू जायला आला तसं सरांनी भांडं खाली घेतलं.

“कागदावर…” सुजय म्हणाला, “कागदावर मी पाऊस किती पडतो ते लिहिलं.”

सर चहा गाळत होते.

“आकडा बरोबर होता, सर. पाऊस आजही तेवढाच पडतो. म्हणजे…”

धाडकन आवाज झाला. सुजय बसल्या जागी दचकला. भिंतीवरची चिमणी उडाली. सरांच्या हातातला चहा थोडा सांडला.

कोअर परातीबाहेर फरशीवर पडला होता. पडून त्याचे दोन तुकडे झाले होते.

ढेकूळ राहिलं नव्हतं. परातीत काळा गाळ होता, आणि त्याच्या मधोमध कोअर एका बाजूला कलताना झालेला खोल, तिरका खड्डा.

सुजयनं वर पाहिलं. ओसरीचं छप्पर कोरडं होतं; वरून थेंबही पडला नव्हता.

सरांनी एक कप त्याच्यासमोर ठेवला. मग कोअरचा एक तुकडा उचलला आणि उलटा करून, तळ वर, त्याच्या हातात दिला.

“वाच.”

सुजयनं तुकडा उजेडाकडे धरला. कोअर जिथून उभा दुभंगला होता तिथं जुनी भेग दिसत होती. आता वर आलेल्या तळाशी ती रुंद होती, नखाचं टोक आत जाईल इतकी, आणि तिच्यात माती भरलेली होती. दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या पृष्ठभागाकडे, ती केसासारखी बारीक होत गेली होती.

“कुठून निघाली?”

“खालून.”

“का?”

सुजय बोलू लागला. परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसा, सपाट आवाजात.

“चाक जाताना डांबराचा थर वाकतो. खालचा आधार पक्का असला तर थोडाच वाकतो आणि परत सरळ होतो. आधार मऊ झाला की जास्त वाकतो. वाकताना ताण थराच्या तळाला बसतो. रोज बसतो. तळ आधी तडकतो. भेग वर चढत येते. वर दिसते तोवर… खाली ती केव्हाच पडलेली असते.”

“पहिल्या वर्गात पास होशील.”

सुजयनं मान खाली घातली.

“डांबर बघ,” सर म्हणाले.

त्यानं नव्यानं तुटलेल्या बाजूवर अंगठा घासला. डांबर काळं, तुकतुकीत होतं. खडीला घट्ट धरून होतं. जळलेलं डांबर असं नसतं. निस्तेज दिसतं, दाबलं की चुरतं.

त्यानं पुन्हा घासून बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं.

“जळलंय?”

“…नाही.”

“रज्जाक म्हणतो जळलं असेल.”

“तो घाबरून म्हणाला असणार, सर. घरी पोरंबाळं आहेत, आम्ही त्याला कामावरून…”

सरांनी चहाचा घोट घेतला.

“मातीला विचारलंस ती कोरडी असताना,” ते म्हणाले. “माणसाला मात्र भिजवून विचारलंस.”

सुजयचा चहा तसाच होता. त्याच्यावर साय धरली.

थोड्या वेळानं तो हळू आवाजात म्हणाला, “वरून एक जाड थर घातला तर, सर? निदान तडे झाकले जातील. मग चौकशीत दोष कुणाचाच…”

“भेग कुठं आहे आता म्हणालास?”

“खाली.”

“मग?”

“नव्या थरातूनही वर येईल. वर्ष, दोन वर्षं.”

सरांनी रिकामा कप खाली ठेवला.

“म्हणजे कडेनं पाण्याला वाट काढून द्यावी लागेल. आणि रस्ता मुळापासून उकरावा लागेल.”

“नुसता रस्ताच ना?”

सुजयनं सरांकडे बघितलं. सर परातीकडे बघत होते.

तो उठला. परात उचलून बाहेर रिकामी करायला निघाला, मग थांबला आणि गाळात हात घातला. कितीतरी महिने टेबलावर असलेली, बशा फोडणारी ती वस्तू त्यानं मुठीत घेतली. ती बोटांच्या फटींतून बाहेर आली.

त्यानं दोन्ही हातांनी गाळ काढून ओसरीसमोरच्या झाडाच्या आळ्यात घातला. परत येऊन कोअरचे तुकडे एकत्र धरले. नाव पुन्हा पुरं झालं. रज्जाक मुलाणी.

त्यानं नावावरून तळवा फिरवला. पांढरी अक्षरं काळी झाली. फडक्यानं पुसल्यावर पुन्हा पांढरी वर आली.

“जात नाही, सर.”

“तेलरंग आहे,” सर म्हणाले.

“दुसरं नाव लिहायला ब्रश आहे?”

“फडताळात.”

सुजयनं ब्रश आणला. आधी रज्जाकच्या नावावर आडवा फराटा मारला. खाली स्वतःचं नाव लिहिलं. या वेळी अक्षर वेडंवाकडं आलं, आणि त्याच्या बोटांची माती रंगात मिसळली. तुकडे त्यानं ओसरीच्या कडेला, रांगेच्या शेवटी, एकमेकांना टेकवून उभे केले.

“उद्या समितीसमोर मी सांगतो, सर. मातीचं. पाइपांचं. सगळंच.”

“सांग.”

“तुमचं मत नको मग.”

“नको.”

उन्हं उतरू लागली होती. घाटातून एक गाडी कण्हत वर आली आणि वळणापलीकडे गेली. सुजयनं पिशवी उचलायला हात पुढे केले. ते मनगटांपर्यंत काळे होते. माती सुकत आली होती, कातडी ओढत होती.

तो माठाकडे गेला.

“हात धुवायला थोडं पाणी घेतो, सर.”

सर उठले. त्यांनी माठावर झाकण ठेवलं.

“ते रज्जाकच्या दारात माग.”